काडेपेटीतला वर्ग

१

चोरानं कार्ड नेलं आणि त्याच्याखालचा कापूसही नेला. रिकामी काडेपेटी जागच्या जागी ठेवली, पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, कपाट बंद केलं आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. इतका शिस्तीचा चोर येळवड्याच्या हायस्कुलात कधी आला नव्हता. तशी तिथं चोरण्यासारखी दुसरी वस्तूही नव्हती म्हणा.

मी पारूबाई हाक्के, एसटीत कंडक्टर. तासगावहून सुटणारी आमची गाडी बोरमाळ फाट्यावरून येळवड्याला येते, शाळेसमोर वळते आणि वीस मिनिटं थांबते. चालक चहाला जातो, मी शाळेच्या नळावर बाटली भरून घेते. त्या शनिवारी सकाळी बाटली भरायला गेले, तर ऑफिसात कपिल होवाळ सर उघडा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. तोंड उतरलेलं.

"मूळ कार्ड गेलं, पारूबाई," ते म्हणाले. "दिवाळीपासूनचे सगळे तास गेले. एकशे अठरा."

हे तास काय प्रकरण आहे ते सांगते. येळवड्यापासून दहा किलोमीटरवर बोरमाळ आहे. तिथं बेदाण्याची शेडं आहेत. दहावीची नऊ पोरं दिवाळीपासून आईबापांबरोबर आधी द्राक्षाच्या विरळणीला आणि मग त्या शेडांवर कामाला गेली ती शाळेत फिरकलीच नाहीत. कपिल सर नवे, शिक्षणसेवक, विज्ञान आणि गणित शिकवतात. त्यांच्या जिवाला हे लागून राहिलं. त्यांनी वर्गात मोबाईल उभा करून रोजचा तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. माळावर रेंज नाही, म्हणून नऊ मेमरी कार्डं घेतली. कार्ड नखाएवढं, हरवायला सोपं. म्हणून एकेक कार्ड एकेका काडेपेटीत घातलं, पेटीवर पोराचं नाव लिहिलं, आणि नऊ पेट्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी माझ्या स्वाधीन केली. संध्याकाळी मी ती फाट्यावरच्या टपरीवाल्या जन्नतबीकडे द्यायची आणि सकाळी परत आणायची. नियमात बसतं का, असं कुणी विचारू नये.

पोरांची कार्डं लहान. नवा तास भरायचा तर जुना पुसावा लागायचा. दिवाळीपासूनचं सगळं एकाच मोठ्या कार्डात होतं, 'मूळ' लिहिलेल्या काडेपेटीत. शाळेचा संगणक दिवाळीपासून आजारी, त्यामुळे दुसरी प्रत नाही. परीक्षा महिन्यावर आली होती आणि नऊ पोरांची उजळणी त्या एका कार्डात होती. दहावीला नापास झालेल्या पोरीला शेडावरून परत शाळेत कोण पाठवतं? मला तरी आजवर तसं कुणी भेटलं नाही.

त्यात सोमवारी तपासणीला विस्तार अधिकारी यायच्या होत्या. या उपक्रमाचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. व्हिडिओ आणि हजेरीपट, दोन्ही काढून ठेवा, असं पत्र गुरुवारीच आलं होतं.

मी म्हटलं, कुणी तरी पाहायला नेलं असेल. त्यावर कोपऱ्यातून झांबरे सरांचा आवाज आला. नानासो झांबरे, दहावीचे वर्गशिक्षक, मराठीचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. या व्हिडिओंवर पहिल्या दिवसापासून खार खाऊन असलेला माणूस.

"कार्डांची रोज ने-आण कोण करतंय, ते बघा की आधी," ते चष्मा पुसत म्हणाले.

ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

२

एसटीत मला सव्वीस वर्षं झाली. कुणाची पिशवी राहिली तर घर शोधून पोचवलेली बाई मी. माझ्यावर चोरीचा आळ, तोही कापसासकट. मी ठरवलं, आता हे कार्ड मीच शोधणार. पोलिसाला बोलवायची मुख्याध्यापिका मोठ्या बाईंची तयारी नव्हतीच, तपासणीच्या तोंडावर शाळेची अब्रू जाते म्हणून.

माणसं मोजणं हा माझा धंदा आहे. म्हणून आधी मोजणी केली. कार्ड शुक्रवारी दुपारपर्यंत डब्यात होतं, कारण तेव्हाच सरांनी त्यातून पोरांची कार्डं भरली. त्यानंतर ऑफिसात कोण होतं? मोठ्या बाई दुपारीच तासगावला मीटिंगला गेल्या होत्या, माझ्याच गाडीनं. उरले तिघं: कपिल सर, झांबरे सर आणि शिपाई ज्ञानू.

ज्ञानू व्हरांड्यात होता. त्याचा राग सगळ्यांना माहीत होता. एका तासाच्या व्हिडिओत तो वर्गाच्या दारात बसल्या बसल्या पेंगताना आला होता, आणि तो तास वर्गात दाखवला तेव्हा पोरं पोट धरून हसली होती.

"आक्का, वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पर तेवढ्यावरनं पोरांचा अभ्यास चोरीन व्हय मी? माझीबी नात दहावीला हाय."

मग तो आपलंच गाऱ्हाणं सांगायला लागला. शाळेत आता काहीच जागेवर राहात नाही. आज सकाळी फोटोपुढे उदबत्ती लावायला गेला, तर तिथली काडेपेटी गायब. सगळे खण उपसले, शेवटी गॅसच्या शेगडीवर उदबत्ती पेटवली. मी हो हो म्हटलं आणि पुढे गेले. माझं कार्ड हरवलंय आणि याला काडेपेटीची पडलीय, असं मनात आलं.

दारातल्या फळ्यावर रोजचा पट लिहितात. झांबरे सरांचं वळणदार अक्षर: इयत्ता दहावी, पट एक्केचाळीस, हजर एक्केचाळीस. त्याच्याखाली सुविचार, खऱ्याला मरण नाही.

झांबरे सर दहावीच्या वर्गात एकटे होते. मी आळाचं विचारलं, तर म्हणाले, मी तुमचं नाव घेतलं नाही, फक्त वाट दाखवली. व्हिडिओबद्दल विचारलं, तेव्हा मात्र ते भडकले. शिकवणं म्हणजे पोराच्या डोळ्यांत बघणं, ते मोबाईलाला कसं जमणार, असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा खडूंचा डबा माझ्यापासून दूर सरकवला. तुकडे झालेले खडू होते, बोटात धरता येणार नाहीत एवढे लहान, आणि त्यांच्यात माखलेल्या पंधरावीस काड्या. हा माणूस कधी काही टाकून देत नाही, हे गावाला माहीत आहे. पाठकोऱ्या कागदावर पत्र लिहितो.

"तुम्हाला त्या पोरांचं काहीच वाटत न्हाई व्हय, सर?" मी विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, बाई, हाच तो. पण इतक्या उघडपणे विरोध करणारा माणूस चोरी करेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडेच बोट जाईल, एवढी अक्कल मराठीच्या मास्तराला असतेच. आणि वैरी असता तर कार्ड मोडून विहिरीत टाकलं असतं. कापूस कशाला नेला असता?

तेवढ्यात बाहेर चालकानं हॉर्न वाजवला.

३

दुपारच्या खेपेला शाळा सुटलेली होती. कपिल सर एकटेच ऑफिसात. सकाळपासून जेवलेले नव्हते. मी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खर्डा त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसले.

स्वतःचंच कार्ड लपवणारा माणूसही असू शकतो, पण हा पोरगा तसा नव्हता. तो मला तासाबद्दल सांगत सुटला. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला तो हजेरी घ्यायचा, मोबाईल सुरू करून. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं.

"नऊ जण न्हाईत हे ठाऊक असून?" मी विचारलं.

"बोरमाळच्या नौशीननं एकदा काडेपेटीत चिठ्ठी घातली होती," ते म्हणाले. "'सर, आमची पण नावं घ्या. आम्ही इथं हजर म्हणतो.' तेव्हापासून मी नाव घेतो, थोडं थांबतो आणि पुढचं नाव घेतो."

 मी पाणी प्यायले आणि कामाचं विचारलं. शुक्रवारी नेमकं काय केलं? ते म्हणाले, दुपारी कार्डं भरली, काडेपेट्या पिशवीत घातल्या, पिशवी ऑफिसच्या खिळ्याला अडकवली आणि जादा तासाला वर्गात गेलो. संध्याकाळी गाडी आल्यावर ज्ञानूनं पिशवी नेऊन दिली. रोजचंच.

"नऊ कार्डं भरायला वेळ लागत असंल," मी सहज म्हटलं.

"काल आठच होती की. नौशीनचं आलं नव्हतं, तुम्हीच काल सकाळी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. शुक्रवारी सकाळी फाट्यावर जन्नतबी गाडीमागं धावत आली होती. नातीनं कार्ड मोबाईलातच ठेवलंय, पेटीबी घरीच हाय, उद्या देते म्हणाली होती. म्हणजे आठ पेट्या आल्या होत्या. आठ पेट्यांत आठ तास भरले गेले.

पण शुक्रवारी संध्याकाळी फाट्यावर मी पिशवी दिली, ती नेहमीसारखी मोजून दिली होती. एक, दोन, तीन. मला लख्ख आठवलं. नऊ पेट्या होत्या.

रोज नऊ असतात, म्हणून नऊ बघून मला काहीच वाटलं नाही. सव्वीस वर्षांत माझी मोजणी कधी चुकली नाही, आणि त्या दिवशीही चुकली नव्हती. आकडा बरोबर होता, त्यातच फसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चोरीचा माल माझ्याच पिशवीतून, माझ्याच गाडीनं, माझ्याच हातानं बोरमाळावर पोचला होता.

मी कपिल सरांना काही बोलले नाही. आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

४

रविवारी माझी सुट्टी. सकाळच्या गाडीनं प्रवासी म्हणून निघाले आणि फाट्यावर उतरले. जन्नतबीची तिथं चहाची टपरी आहे. तिला वाचता येत नाही. पेट्या आल्या की नऊ पोरांना हाक मारायची, पोरं आपापलं नाव शोधून घेतात.

"शुक्रवारी नौशीननं पेटी घेतली व्हय?" मी विचारलं.

"घेतली की. तिच्या नावाची हुती म्हनून घेतली. का गं पारू, काय झालं?"

मी काही नाही म्हणून शेडाकडे चालायला लागले. शेडात जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं वाळत होती, हिरवी, अजून बेदाणा न झालेली. जेवणाची सुट्टी होती. बायका सावलीला आडव्या झालेल्या. टोकाच्या कोपऱ्यात क्रेटवर क्रेट रचून त्यावर एक मोबाईल उभा केला होता, आणि त्याच्यापुढं गोणपाटावर नऊ पोरं ओळीत बसली होती. हाताला द्राक्षाचा चिकटा, पण वह्या उघड्या.

मोबाईलातून कपिल सरांचा आवाज येत होता. हजेरी चालू होती. एकेका नावाला वर्गातून 'हजर' येत होतं. मग सर म्हणाले, "कैफ शेख." वर्गात शांतता. शेडातला एक लांबडा पोरगा म्हणाला, "हजर, सर." मग, "नौशीन मुलाणी." पुन्हा शांतता.

"हजर, सर," नौशीन म्हणाली. मोबाईलाकडे बघून, मान थोडी वर करून, जशी वर्गात म्हणतात तशी.

मी खांबाआड उभी राहून डोळे पुसले. नऊ नावांना नऊ वेळा वर्ग गप्प बसला, आणि नऊ वेळा शेडातून कुणी तरी हजर म्हणालं. हजेरी संपली तेव्हा मी पुढं झाले. नौशीननं घाबरून मोबाईल बंद केला. तिला वाटलं, कार्ड परत न्यायला आले.

चोरी झाल्याचं तिला माहीतच नव्हतं. शुक्रवारी आपल्या नावाची दुसरी पेटी बघून तिला नवल वाटलं होतं, पण उघडली तर आत दिवाळीपासूनचे सगळे तास. तिला वाटलं, सरांनी उजळणीला पाठवलं. आपलं जुनं कार्ड तिनं शनिवारी सकाळी परत पाठवून दिलं, म्हणून सकाळी पुन्हा नऊ पेट्या आल्या आणि सगळं बरोबर दिसलं.

मी ती दुसरी पेटी मागून घेतली. वर निळ्या शाईनं 'नौशीन' लिहिलेलं, आत कापूस. पेटीच्या कडेला कुंकवाचं बोट उमटलं होतं. मी नाकाशी नेली. उदबत्तीचा वास.

काड्या कुठं पाहिल्या होत्या, ते तत्काळ आठवलं.

५

झांबरे सरांचं घर शाळेच्या मागंच आहे. मी दुपारी गेले तेव्हा ते ओट्यावर वही तपासत होते. मी ती पेटी त्यांच्या वहीवर ठेवली.

त्यांनी चष्मा काढला.  मी सांगायला लागले. फोटोपुढची काडेपेटी ज्ञानूनं घेतली असती तर तो सकाळी खण उपसत बसला नसता. ही नववी पेटी कपिल सरांनी भरली असती तर त्यांनी आठच कार्डं भरली असं मला सांगितलं नसतं. बाई तासगावला. आणि पेटी रिकामी करताना काड्या टाकवल्या नाहीत म्हणून खडूंच्या डब्यात ठेवणारा माणूस येळवड्यात एकच आहे.

"एवढंच कळत नव्हतं, की व्हिडिओचा राग असणारा माणूस कार्ड कापसात गुंडाळून पोरांकडंच का पाठवंल," मी म्हटलं. "आज त्या पोरांची हजेरी ऐकली आणि कळलं. कार्डात नऊ पोरं गैरहजर हायती. तुमच्या पटावर एकबी न्हाई."

त्यांनी वहीची कड चुरगाळली. मग बोलायला लागले, हळूहळू, वर्गात बोलतात तसं नाही. हजेरी पाऊण वर्षाची भरली नाही तर बोर्डाचं हॉल तिकीट अडतं. म्हणून दिवाळीपासून ते रोज नऊ जणांच्या पुढं हजरची खूण करत होते. गुरुवारी पत्र आलं, व्हिडिओ आणि पट दोन्ही बघणार. व्हिडिओत नाव घेतल्यावर नऊ वेळा कुणी बोलत नाही. कुणीही शेजारी पट ठेवला असता तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं.

"कार्ड मोडायचं मनात आलं न्हाई," ते म्हणाले. "धडा आहे तो. पोरांकडं गेला तर निदान वाया जाणार न्हाई."

मी विचारलं, पकडले गेले असते तर? दोन वर्षं राहिलेली.

तेव्हा त्यांनी लोणंदची गोष्ट सांगितली. आमच्याकडच्या शिक्षणसंस्थांत मास्तरांच्या बदल्या साताऱ्यापासून सांगलीपर्यंत होतात. पंधरा वर्षांपूर्वी ते लोणंदला होते. कांद्याच्या हंगामात एक पोरगं शाळा बुडवून बाजारात जायचं. सरांनी नियमाप्रमाणं गैरहजेरी मांडली, हजेरी कमी भरली, त्याला परीक्षेला बसता आलं नाही. गेल्या वर्षी ते काही कामानं लोणंदला गेले, तर मार्केट यार्डात तो पाठीवर पोतं घेऊन चालला होता.

"मला ओळखलं त्यानं," झांबरे सर म्हणाले. "पोतं खाली ठेवलं, पाया पडला, आन् पुन्हा उचललं. पारूबाई, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

मला त्यांचा राग आला होता, तो कधी गेला कळलं नाही. पण आळ माझ्यावर टाकला होता, तेही विसरायचं नव्हतं. ते मी बोलून दाखवलं. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, सोमवार जाऊ दे, मंगळवारी कार्ड सापडलं असं सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकून पोरं किती दिवस बसणार?" मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा हंगाम हायच. आन् उद्या कार्ड न्हाई म्हटल्यावर ठपका कपिल सरांवर येणार. पोरगा अजून कायम झाला न्हाई."

 मी पेटी उचलली, थेट कपिल सरांच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी आधी सुस्कारा सोडला, मग चेहरा पुन्हा पडला. कार्ड दाखवलं तर नऊ पोरांचं हॉल तिकीट जातं, लपवलं तर खोटं पचवावं लागतं.

"उद्या सकाळी मी जरा जास्तीचे प्रवासी आणते," मी म्हटलं.

६

सोमवारी सकाळी फाट्यावर नऊ पोरं उभी होती. आंघोळ केलेली, गणवेश घातलेली. काही गणवेश आखूड झालेले, दिवाळीनंतर अंगात घातलेच नव्हते. रविवारी परतताना मी फाट्यावर सांगून गेले होते, आणि जन्नतबीनं रात्रीच शेडमालकाशी भांडून एक दिवस मागून घेतला होता. नौशीनचा बाप महंमद तिला सोडायला आला होता.  तो गाडी हलेपर्यंत थांबला.

विस्तार अधिकारी मॅडम दहाला आल्या. दहावीच्या वर्गात बसल्या, पट मागितला, पान उलटून पाहिलं. मग कपिल सरांनी भिंतीवर पांढरा कपडा लावून तास सुरू केला. मी बाटली हातात घेऊन दारात उभी राहिले. ज्ञानू माझ्या शेजारी, या खेपेला जागा.

व्हिडिओतली हजेरी सुरू झाली. मॅडम कौतुकानं बघत होत्या. मग "कैफ शेख" आलं, आणि भिंतीवरचा वर्ग गप्प. मॅडमनी पटाकडे पाहिलं. पेनचं टोक त्या नावावर ठेवलं.

"हजर, सर," मागच्या बाकावरून कैफ उभा राहून म्हणाला.

मॅडमनी मान वळवली. पुढचं नाव आलं, पुन्हा भिंतीवर शांतता, पुन्हा मागून आवाज. नऊ वेळा असं झालं. शेवटची नौशीन. 

"हा काय प्रकार आहे?" मॅडमनी विचारलं.

कपिल सर तोंड उघडणार, तेवढ्यात झांबरे सर उठले. सांगायला सुरुवात केली ती थांबलेच नाहीत. नऊ जण दिवाळीपासून शाळेत नाहीत, शेडावर आहेत. पट मी खोटा लिहिला. कार्डही मीच काढलं होतं. होवाळ सरांचा यात काही दोष नाही, आणि कंडक्टरबाईंचाही नाही.

 मोठ्या बाईंनी खाली मान घातली. नऊ बाक रिकामे असताना फळ्यावर एक्केचाळीस दिसत होते, आणि त्या रोज त्या फळ्यावरून जात होत्या. मी पण रोज त्या फळ्यावरून पाणी न्यायला जात होते.

मॅडमनी पट मिटला. मग नौशीनला जवळ बोलावलं आणि विचारलं, या सगळ्या तासांतला एक सांग, कोणताही, सरांनी काय शिकवलं.  सगळं या उत्तरावर होतं.

नौशीननं प्रकाशाच्या वक्रीभवनाचा तास सांगितला. पाण्याच्या ग्लासात पेन्सिल कशी तुटल्यासारखी दिसते आणि का. सरांनी आकृती आधी चुकीची काढून मग पुसली तेही सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आन् त्या तासाला ज्ञानूमामा दारात झोपले होते."

वर्ग हसला. ज्ञानूही हसला. मॅडमनी ओठ दाबून ठेवले, पण डोळे हसले.

नंतर त्या झांबरे सरांना म्हणाल्या, "चुकीची हजेरी ही चुकीचीच. त्याची नोटीस तुम्हाला मिळेल, मी थांबवणार नाही." सरांनी मान डोलावली. मग कपिल सरांकडे वळल्या. "पट आजच दुरुस्त करा. हजेरी कमी पडली ती खरी लिहा, कारण खरं लिहा, आणि सवलतीचा अर्ज करा. सोबत हे सगळे तास जोडा. मुलं शिकत होती याला यापेक्षा मोठा पुरावा नाही. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. पण शिफारस माझी राहील."

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. पिशवी रोज जात-येत राहिली, आता त्यात उजळणीचे तास होते. झांबरे सरांना नोटीस आली, ती त्यांनी घडी करून पाकिटात ठेवली. रोज संध्याकाळी ते माझ्या गाडीनं बोरमाळाला जायचे आणि शेडात मराठीचा तास घ्यायचे, पोरांच्या डोळ्यांत बघून. पहिल्या दिवशी कपिल सरांनी त्यांच्यापुढंही मोबाईल उभा केला. त्यांनी तो हलवला नाही.

अर्जाचं उत्तर परीक्षेच्या अवघ्या पाच दिवस आधी आलं. नऊ हॉल तिकिटं आली. पिशवीतून मी ती फाट्यावर नेली, या वेळी मोजली नाहीत, एकेक नाव वाचलं. जन्नतबीनं नौशीनचं तिकीट उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि फोटो बरा आलाय म्हणाली.

पहिल्या पेपरच्या सकाळी गाडी फाट्यावर थांबली. पोरं चढली, पुढच्या बाकांवर बसली, पुस्तकं उघडली. सवयीनं मी मागून पुढं डोकी मोजायला लागले, आणि मधेच थांबले.

"कैफ शेख," मी म्हटलं.

पोरगं चमकलं, मग हसलं. "हजर, मावशी."

एकेक नाव घेत गेले. शेवटी म्हटलं, "नौशीन महंमद मुलाणी." ती वही मिटून सरळ बसली.

"हजर."

नऊ नावांना नऊ आवाज आले. मग मी डबल बेल दिली.